सहा डिसेंबरची पोटदुखी

यावेळचं पत्र थोडं मोठं होतं, कापून देतेय, पण शब्द तिचेच ठेवलेत.

"ताई, जय भीम. मी तुर्भे स्टोअरला राहते, वय २६. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, चार वर्षं नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलला मेडिकल वॉर्डला आहे, हातात २१ हजार येतात. पप्पा आधी खदानीत होते, आता सिक्युरिटीला आहेत, त्यांना १३ मिळतात. आई एपीएमसीत कांदा-लसूण निवडायला जाते, काम असेल तसं. भाऊ बारावीला राहिला, घरीच असतो. यंदा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगच्या (जीएनएमनंतरची डिग्री) यादीत एससीतून माझं नाव लागलं, दोन वर्षं फुल टाइम. पप्पा म्हणाले आता पुरे, उल्हासनगरचं स्थळ आलंय, अजून शिकलीस तर आपल्यात मुलगा कुठून आणू. आई काहीच बोलत नाही. घरात १५ हजार मी देते, भावाच्या गाडीचा ४२०० हप्ता वेगळा. नोकरी सोडली तर कसं होणार? हॉस्पिटलने ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतलेत. जातीचा दाखला गावाकडून काढलाय, करमाळा तालुका, पण व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाहीये, जीएनएमला संस्थेच्या कोट्यातून पैसे भरून घेतलं होतं तेव्हा लागली नाही. वॉर्डात इन्चार्ज सिस्टरना कळलं तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुम्हा लोकांचं बरंय, सगळं फुकटात. मी नुसती हसले. आणि ताई अजून एक. ड्युटीवर मी सांगितलंय की आईचा भाजीचा होलसेल धंदा आहे. का सांगितलं माहीत नाही. आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये माझा कॅपिंगचा (नर्सची टोपी घालतात त्या कार्यक्रमाचा) फोटो ठेवलाय आणि मी तिच्याबद्दल असं बोलते. – एक सिस्टर, तुर्भे"

जय भीम सिस्टर,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले, कारण माझी ३४ वर्षं बँकेत गेली आणि मला माणसाचं दुःख आधी आकड्यात दिसतं, ही सवय वाईट आहे पण जात नाही. २१ हजारातून १५ गेले, ४२०० गेले, उरले १८००. त्यात तुझा ट्रेनचा पास, रिक्षा, मोबाईल, ड्युटीचे बूट, महिन्याचं सगळं. चार वर्षं तू १८०० रुपयांत जगतेयस आणि वर मलाच विचारतेस की घर कसं चालणार. अगं घर तर चाललंय, तुझंच चालत नाहीये.

सीट सोडू नकोस, एवढं आधी सांगून टाकते. बाकीचं बोलू सावकाश, पण रिपोर्टिंगची तारीख सावकाश येत नाही. यादीत नाव लागलं म्हणजे ॲडमिशन झाली असं समजून पोरी गप्प बसतात आणि शेवटच्या दिवशी चार वाजता कळतं की अमुक कागद नाही. तारीख बघ, ती मोबाईलला नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही, पप्पांना दिसेल अशी.

आता ओरिजिनल सर्टिफिकेट. ती हॉस्पिटलची नाहीत, तुझी आहेत, अडवून ठेवायचा त्यांना काही अधिकार नाही आणि नोकरी सोडू नये म्हणून कागद अडकवायची ही जी बाँडची पद्धत आहे तिच्याविरुद्ध नर्सिंग कौन्सिलनेच परिपत्रकं काढलेली आहेत. पण भांडायला जाऊ नकोस, अजून तुला त्यांच्याकडून दोन कागद हवेत. साधा अर्ज लिही, पुढच्या शिक्षणासाठी मूळ कागद हवेत, दोन प्रती काढ, एकीवर एचआरचा शिक्का आणि तारीख घे. तोंडी मागितलं की "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असतं, शिक्का मागितला की साहेब सापडतात. तरी नाही दिलं तर पुढचं पत्र वकिलाच्या लेटरहेडवर जाऊ दे, बहुतेकदा तेवढंच पुरतं.

ते दोन कागद म्हणजे रिलिव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स सर्टिफिकेट, आणि एक्सपिरियन्सवर हॉस्पिटल किती बेडचं आहे ते लिहून घेच. कारण हे तुला बहुतेक कोणी सांगितलेलं नसेल, वॉर्डात सांगत नाहीत. एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा असते ना, नॉरसेट म्हणतात ती, तिला डिग्रीच लागते असं बऱ्याच जणींना वाटतं, पण जीएनएम आणि वर किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव असला तरी बसता येतं. म्हणजे तू आत्ताही बसू शकतेस. वयाची अट ३० आहे, एससीला ५ वर्षं सूट, म्हणजे तुझ्याकडे पस्तिशीपर्यंत वेळ आहे. साधारण वर्षातून दोनदा निघते. फक्त केंद्राच्या जागेसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तो वेगळा काढावा लागतो, ते आत्ताच करून ठेव.

मग तू म्हणशील की नोकरी अशीच लागणार असेल तर डिग्री कशाला. तर परीक्षा ही लॉटरी नसली तरी लाखभर मुली बसतात असल्या परीक्षांना, आणि समजा लागलीस तरी उद्या ट्यूटर व्हायचं असेल, एमएस्सी करायची असेल तर डिग्री लागणारच. आणि खरं सांगू, मला तुझ्या पत्रात कुठेही "मला पगार वाढवायचाय" असं दिसलं नाही. तुला शिकायचंय. हे एवढं साधं कारण आपल्या घरांमध्ये कारण म्हणून चालतच नाही, त्याला नोकरीचं नाहीतर लग्नाचं तिकीट लावावं लागतं. माझ्याकडे नको लावूस.

पैशाचं बघू. कॉलेजची फी हा तुझा सगळ्यात मोठा धसका असणार आणि तो निम्मा उगाच आहे. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप तुला बसत नाही, तिची उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे आणि गंमत बघ, तुझा एकटीचाच पगार वर्षाला २ लाख ५२ हजार होतो, पप्पांचं धरलंच नाही अजून. पण २.५ लाखाच्या वरच्यांसाठी आपल्या राज्यात फ्रीशिप आहे, ट्यूशन फी आणि परीक्षा फी त्यातून जाते. फॉर्म महाडीबीटीवर, सरकारी पोर्टल आहे ते. कॉलेज म्हणेल आधी भरा, नंतर तुमच्या खात्यात येतील. लगेच हो म्हणू नकोस आणि लगेच भांडूही नकोस, "लेखी द्या" म्हण. ठाण्याला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे तो लेखी कागद घेऊन जायचं. स्वाधारच्या मागे धावू नकोस, कुणीतरी सांगेल तुला वर्षाला ६० हजार मिळतात म्हणून, पण ती योजना बाहेरगावहून येऊन राहणाऱ्यांसाठी आहे, तुला उत्पन्न पण आडवं येतं आणि घर पण. आणि पीएफला हात लावू नकोस, कुणी कितीही गोड बोललं तरी, म्हणजे विशेषतः भाऊ.

घरखर्चाचं मी असं करीन. दोन वर्षं तुझ्याकडून १५ हजार येणार नाहीत, हे आत्ताच, सगळे समोर असताना, कागदावर लिहून सांगायचं. कमी येतील असं नाही, येणार नाहीत असं. मग रविवारी नर्सिंग ब्युरोच्या ड्युट्या मिळतात, घरी पेशंट सांभाळायच्या, वाशी-नेरूळला मागणी भरपूर आहे, महिन्याला तीन-चार केल्यास तर त्यातून जे येईल ते तुझ्या पुस्तकांना, युनिफॉर्मला आणि उरलं तर आईच्या हातात. नाईट मात्र कॉलेज चालू असताना एकही करू नकोस, पहिले काही महिने जमतं आणि मग अंगावर येतं, हे मी काय तुला सांगायचं, तुझं आयुष्यच शिफ्टमध्ये चाललंय.

गाडीचा हप्ता बंद. भाऊ २२ वर्षांचा असेल-नसेल, हातपाय धड आहेत, घरासमोर टीटीसीचा अख्खा एमआयडीसी पट्टा पसरलाय, दिघ्यापासून नेरूळपर्यंत. गाडी त्याची, हप्ता त्याचा, नाहीतर गाडी विकायची. मी कडक बोलतेय असं वाटलं तर वाटू दे.

कारण माझं काय झालं ते सांगते. मी १९८६ ला बँकेत क्लार्क म्हणून लागले, ठाण्यातच. आई वागळे इस्टेटला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, उभं राहून राहून तिच्या पोटऱ्यांच्या शिरा निळ्या दोरीसारख्या वर आलेल्या. पहिला पगार तिच्या हातात दिला तेव्हा तिने नोटा मोजल्या नाहीत, वास घेतला. पुढची अकरा वर्षं पूर्ण पगार घरात. दोन धाकटे भाऊ शिकत होते, मग बहिणीचं लग्न, मग पत्र्याच्या जागी स्लॅब. मध्ये १९९४ ला ऑफिसरच्या प्रमोशनला माझा नंबर लागत होता. ऑफिसर झालं की बदली, नागपूर नाहीतर कुठेतरी, आणि भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, मी नाही म्हणून लिहून दिलं. कुणीही मला तसं करायला सांगितलं नव्हतं, हे महत्त्वाचं आहे. मीच ठरवलं की मी गेले तर हे सगळं कोसळेल. स्पेशल असिस्टंट म्हणून रिटायर झाले, ज्यांना मी लेजर बघायला शिकवलं ती पोरं माझ्या रजेच्या अर्जावर सही करायची. मध्यंतरी त्याच भावाकडे जेवायला गेले होते, घोडबंदरला राहतो, तेव्हा बोलता बोलता प्रमोशनचा विषय निघाला तर तो थांबलाच. म्हणाला, "ताई तू कधी बोललीच नाहीस, मी लोन काढलं असतं की." आता त्याला काय बोलणार. भाजी वाढ म्हटलं.

म्हणून म्हणते, बोल. तू नसताना घर कोसळेल हे तूच ठरवून मोकळी होऊ नकोस. आधी त्यांना विचार तरी.

पप्पांचं दुखणं वेगळं आहे. मुलगा कुठून आणू हे ते उगाच म्हणत नाहीत, आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात जाऊन बघ, एमए, एमएस्सी झालेल्या पोरींच्या बायोडाटाची थप्पी वेगळी आणि त्यांना साजेशा मुलांची वेगळी, आणि दोन्हीची उंची सारखी नाही. त्यांना भीती आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. पण घरात बाबासाहेबांचा फोटो असेलच, तर त्यांना एवढं आठवण करून दे की १९४२ च्या जुलैत नागपूरला महिलांची परिषद भरली होती, हजारो बायका आल्या होत्या, आणि तिथे बाबासाहेब आयाबायांना हेच सांगत होते की मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी असते, ती पेलायची ऐपत आल्याशिवाय पोरांवर लादू नका. म्हणजे हे तुझं आजकालचं फॅड नाहीये, पप्पांच्या आईच्या पिढीला सांगून झालेलं आहे. उल्हासनगरच्या मुलाला भेटायचं असेल तर खुशाल भेट. दोन वर्षं थांबतोस का, एवढाच प्रश्न विचार. जो थांबेल त्याचं पुढे बघू, जो नाही थांबला त्याच्यासाठी तुला तरी कशाला थांबायचंय.

आणि आईच्या गप्प बसण्याचा अर्थ तू "ती पप्पांच्या बाजूने आहे" असा लावला असशील तर मला तसं वाटत नाही. जी बाई फोटो देवळीत न ठेवता रेशनकार्डात ठेवते तिला नीट माहितीय की घरात कुठला कागद जपायचा असतो.

आता त्या इन्चार्ज सिस्टर.

"तुम्हा लोकांचं बरंय." हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलंय की कोणी तोंड उघडायच्या आधी मला कळतं येणार आहे ते. फुकट म्हणजे काय फुकट? तुझी आजी, मी कापलेल्या भागात तू लिहिलंयस, ७२ च्या दुष्काळात करमाळ्याहून आली आणि खदानीत खडी फोडायला बसली. तिच्या काळातल्या बायकांचं सांगते, १९६१ च्या जनगणनेत आपल्या, म्हणजे अनुसूचित जातीच्या बायकांमध्ये साक्षर होत्या ३.२९ टक्के. शंभरात तीन. अख्ख्या देशात. २०११ ला तो आकडा ५६.५ झाला, पुरुषांचा तेव्हा ७५.२ होता. पन्नास वर्षांत तीनावरून छप्पनवर बायका स्वतःच्या पायाने चढल्यात, लसूण निवडून, खडी फोडून, पॅकिंगला उभं राहून, आणि अजून जवळजवळ निम्म्या खालीच होत्या. आणि एससीची सीट म्हणजे रांगेत उभं राहिलं की मिळते असं नाही, तिथेही यादी असते, तिथेही तुझ्यावर कोणीतरी आणि तुझ्याखाली कोणीतरी असतं, तू त्या यादीत आलीस.

पण हे सगळं इन्चार्जबाईंना सांगत बसू नकोस, वॉर्डात दोन आयव्ही चालू असताना जनगणना कुठे काढतेस. माझा एक अंदाज आहे, चुकीचाही असेल. त्या स्वतः जीएनएमवर वीसेक वर्षं आहेत ना? बहुतेक इन्चार्ज असतात. त्यांनी पण कधीतरी हा फॉर्म आणलेला असेल आणि भरला नसेल, नवऱ्याने नको म्हटलं असेल किंवा पोरं लहान असतील. पुन्हा बोलल्या तर हसू नकोस, साधं सांग, "सिस्टर, फॉर्म भरला, लिस्टला नाव आलं, तुम्ही पण पुढच्या वर्षी भरा." बस. चढ्या आवाजात नाही, बीपी सांगतो तसं. आणि सारखंच होत राहिलं, जातीवरून बोलणं, ड्युटी लावताना मुद्दाम बेडपॅन-स्पंजिंग तुझ्याच वाट्याला, तर तारीख-वेळ-साक्षीदार वहीत लिहायला लाग. तू नर्स आहेस, नोंद कशी ठेवायची ते तुला येतं. सगळ्यांसमोर जातीवरून अपमान हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, वापरायची वेळ येऊ नये पण वहीत असू दे.

आता ते होलसेल धंद्याचं. पत्रात तू ते शेवटी लिहिलंयस, "अजून एक" म्हणून, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस.

माझं आडनाव असं आहे की कळत नाही. मराठ्यांत पण आहे, आपल्यात पण आहे. बँकेत लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक सिनियर बाई डबा खाताना म्हणाल्या, तुम्ही साताऱ्याकडच्या का, आमच्यात पण आहेत या आडनावाचे. मी हो म्हणाले. सातारा खरंच होतं, तेवढंच खरं होतं. मग त्या हो वर एक एक वीट चढत गेली, कुलदैवत कुठलं, गणपती किती दिवसांचा. मी दीड दिवसाचा सांगितला. आमच्या घरी गणपती! आई ऐकती तर लाटणं फेकून मारती. आणि दर वर्षी सहा डिसेंबरला मला चैत्यभूमीला जायचं असायचं, पहाटेची लोकल पकडून आईला घेऊन दादर, ती रांग, ते पाच-पाच तास, आणि बँकेला तर सुट्टी नाही. मग सिक लीव्ह. कारण काय लिहायचं, तर पोटदुखी. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. रजेच्या रजिस्टरला माझ्या नावापुढे सहा डिसेंबर, पोटदुखी, सहा डिसेंबर, पोटदुखी.

आमचे हेडक्लार्क होते, फार बोलायचे नाहीत, कामात पक्के. त्यांनी एकदा रजिस्टर माझ्यासमोर फिरवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, तुमचं पोट फार शिस्तीचं आहे, बरोबर सहा तारखेलाच दुखतं." बस एवढंच. चेष्टा होती की टोमणा होता की मला कळतंय असं सांगत होते, आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी वॉशरूमला जाऊन नळ सोडून उभी राहिले. लाज जातीची नाही वाटली, त्या पोटदुखीची वाटली. पुढच्या वर्षी कारणाच्या रकान्यात लिहिलं, महापरिनिर्वाण दिन, चैत्यभूमी. हात कापला लिहिताना, अक्षर बघ म्हणावं कसं आलंय. काय झालं? काही जणींनी डब्याची जागा हळूच बदलली, ज्या बदलायच्या होत्या त्याच. एका शिपायाने आतल्या खिशातून निळा बॅज काढून दाखवला आणि म्हणाला, ताई मी पण. सात वर्षं आम्ही एका ब्रँचला होतो.

म्हणून तुझ्यावर मी काही रागवणार नाही, मला तो हक्कच नाही. खोटं का बोललीस तेही मला माहितीय, तुला शिक्षणाने वॉर्डात नेऊन उभं केलं पण तिथे उभं राहायला आणखी काहीतरी लागेल असं वाटलं, एक बरीशी आई लागेल असं वाटलं. आणि हे आपण डोक्यातून काढलेलंही नसतं. नागपूरच्या कुमुद सोमकुंवर, संस्कृत घेऊन एमए झाल्या, चांगल्या मार्कांनी, आपल्या समाजातल्या मुलीने त्या काळी संस्कृत! नोकरीसाठी किती दारं ठोठावली, लागेना. मग आंतरजातीय लग्न झालं, कुमुद पावडे झाल्या, आणि मग सरकारी कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. ही नोकरी पावडे आडनावाला मिळाली, सोमकुंवरला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. डिग्री तीच, बाई तीच. तेव्हा आडनाव, आई, पत्ता झाकावासा वाटतो तो काही तुझ्या मनाचा रोग नव्हे, बाहेर तसं घडतं म्हणून वाटतो.

तरी पण ते धंद्याचं काढून टाक, कारण सांभाळायला जड जातं गं. आज होलसेल धंदा, उद्या कोणी म्हणेल मग आम्हाला कांदा स्वस्तात मिळवून दे. परवा आई आजारी पडली आणि तुझ्याच हॉस्पिटलला आणावी लागली तर केसपेपरवर व्यवसाय काय लिहिशील? वॉर्डात उभं राहून भाषण द्यायची गरज नाही. सगळ्यांना सांगायचीही नाही. एक मैत्रीण असेल ना, जिच्याबरोबर डबा खातेस, तिला सांग. लसणाच्या दिवसांत आईच्या केसांत सालं अडकलेली असतात, नखाखाली वास जात नाही, लिंबू घासलं तरी, असं काहीतरी साधंच बोलता बोलता सांग. तिची आई काय करते ते पण कळेल कदाचित. नव्या कॉलेजात फॉर्मवर आईचा व्यवसाय हा रकाना येतो, तिथे पहिल्याच दिवशी खरं लिही, तिथे तरी कुलूप लावूच नकोस.

शेवटी व्हॅलिडिटी, मुद्दाम शेवटी ठेवली कारण यात सगळ्यात जास्त पायपीट आहे. रिझर्व्ह सीटवर प्रोफेशनल कोर्सला ती लागतेच. अर्ज केल्याची पावती चालते का आणि किती दिवस चालते ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत बघ, दर वर्षी काहीतरी बदलतं, मैत्रिणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नकोस. अर्ज ऑनलाइन होतो पण दाखला सोलापूर जिल्ह्यातला असल्यामुळे समिती सोलापूरची, ठाण्याची नाही, यात पोरी चुकतात आणि महिना घालवतात. आधी पप्पांच्या बाजूच्या नात्यात कोणाकडे व्हॅलिडिटी आहे का शोध. चुलत भाऊ, आत्या, काका, पप्पांच्या रक्ताच्या नात्यातलं कोणीही, आईकडचं चालत नाही. एक जरी निघाली तरी निम्मं काम झालं. नसेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसणार, तेव्हा शाळेचा दाखला विसर. मग कोतवाल बुक. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर असतात त्यालाच म्हणतात, त्याची नक्कल मागायची.

त्यात एक गंमत आहे, नोंद बऱ्याचदा मुलाच्या नावाने नसतेच. बापाचं नाव, जात, आणि "मुलगा झाला" एवढंच. म्हणजे तुला आजोबा नाही, पणजोबा शोधायचेत. फार जुन्या पानांत नावाच्या शेवटी "नाक" लागलेलं दिसेल, रामनाक, सिदनाक असं, ते बघून चुकीचं पान समजू नकोस, ते आपलेच. मग ते नाव आणि आजोबांचं नाव जोडायला वंशावळ, प्रतिज्ञापत्रावर. आजी आहे ना अजून? तिला आजच बसवून सासऱ्याचं नाव, दिरांची नावं, कोण आधी जन्मलं कोण नंतर, सगळं वदवून घे आणि मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड कर, कारण आज्या दर वेळी वेगळा क्रम सांगतात.

करमाळ्याला जाताना आईला बरोबर ने. दोन दिवस तिचा रोज बुडेल, बुडू दे. पप्पांना नेलंस तर ते बाहेर तंबाखू मळत बसतील, आणि आपल्या बायका असं ऑफिसात गेल्या की खिडकीतून हलत नाहीत, हा माझा बँकेतला अनुभव आहे, खिडकीच्या आतून बघितलेला. रेल्वेने जाणार असशील तर जेऊरला उतर, सगळ्या गाड्या थांबत नाहीत तिथे, आधी बघून घे, पुढे करमाळ्याला गाडी मिळते. सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते, मंगळवारी जा आणि अकराच्या आत पोच, जेवणानंतर रेकॉर्ड रूमचा माणूस कुणाला सापडत नाही. अर्जाला लावायला कोर्ट फीची तिकिटं, आधारच्या झेरॉक्स आणि बरोबर स्टेपलर ने, आजूबाजूला झेरॉक्सचं दुकान असतं पण स्टेपलर मागितला तर दोन रुपये घेतात.